राखीव टाकी

मार्चमधल्या एका दुपारी खडकदऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे टेम्पो येऊन थांबला. मागच्या हौद्यात, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर बन्सी बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून तो पुढे झुकला होता आणि त्याची बायको भीमाबाई त्याला मागून घट्ट धरून होती. त्याचे ओठ निळे पडले होते.

डॉक्टर रूथ साळवे ओपीडी सोडून बाहेर धावली.

"लाईट गेली," भीमाबाई एवढंच म्हणाली.

तेवढ्यावरून रूथला सगळं कळलं. बन्सीने उमेदीची सगळी वर्षं सुप्याच्या बाजूला खडी क्रशरवर काढली होती. दगडाची धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली ती कायमचीच. आता याला ऑक्सिजनशिवाय भागणार नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कोरोनाच्या काळात केंद्राला हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी दोन यंत्रं मिळाली होती आणि ती कापडाखाली झाकून पडली होती. त्यातलं एक रूथने वरिष्ठांच्या मागे लागून, परवानगी काढून बन्सीच्या घरी पोचवलं. म्हातारा घरच्या खाटेवर, आपल्या माणसांत राहील, असा तिचा विचार. गावाने तिचं कौतुक केलं. तिलाही बरं वाटलं होतं.

त्या दुपारी लाईट गावाच्या टोकाचीच गेली होती; केंद्रातलं दुसरं यंत्र लावलं आणि थोड्या वेळाने बन्सीच्या चेहऱ्यावर रंग आला. रूथ त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसली. यंत्र घुं घुं करत होतं. तिच्या मनात आलं, हा माणूस आधीही धापा टाकत होता, पण ती धाप त्याची स्वतःची होती. आपण ती एका तारेला बांधून दिली. आणि ती तार कुठून कुठे जाते, कोणत्या वाऱ्याला तुटते, हे बघायला आपण कधी गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने औषधनिर्माता केदार मुळे यांना बोलावलं. केदार नगरच्या जुन्या भिक्षुक घराण्यातले, पस्तिशीचे, कामात चोख आणि नव्या गोष्टीला आधी नाही म्हणणारे. लसींचा फ्रीज त्यांच्या ताब्यात असे.

"येत्या मंगळवारी ओपीडी चालू असताना आपण मेन स्विच बंद करायचा," रूथ म्हणाली.

"लाईट रोजच जाते मॅडम. मुद्दाम घालवायची कशाला?"

"रोज जाते तेव्हा आपण ती यायची वाट बघतो. एकदा, ती येणारच नाही असं धरून चालू."

केदारना ते पटलं नाही, पण त्यांनीच स्विच खाली ओढला.

त्या सकाळी जे बाहेर आलं ते कुणालाच फारसं भूषणावह नव्हतं. इन्व्हर्टर चालू झाला, पण त्याची वायर मीटिंगच्या खोलीतल्या पंख्यांना आणि पाण्याच्या कूलरला जोडलेली होती. बाळंतपणाच्या खोलीत अंधार. मागच्या शेडमधला जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. टॉर्च होता, सेल नव्हते. ज्यांना फोन करायचा त्यांचे नंबर संगणकात, आणि संगणक बंद. बाहेर बसलेले पेशंट कुरकुरायला लागले. एक आजोबा तर म्हणाले, "बिल भरलं न्हाई व्हय?"

केदारनी मेन स्विच पुन्हा वर ढकलला. संध्याकाळी जाताना म्हणाले, "फ्रीजचं मी बघतो."

आणि त्यांनी खरोखरच बघितलं. बर्फाच्या पिशव्या कायम गोठवून तयार ठेवल्या. लसी कोल्ड बॉक्समध्ये कशा रचायच्या हे नर्सताईंकडून पुन्हा पुन्हा करवून घेतलं. फ्रीजच्या दारावर 'लाईट नसताना उघडू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं. वायरमन गोरक्षनाथला बोलावून इन्व्हर्टरची वायर बाळंतपणाच्या खोलीकडे आणि ऑक्सिजनच्या यंत्राकडे वळवून घेतली. जनरेटर दुरुस्तीला नगरला गेला. तो काही लवकर परत येणार नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

गोरक्षनाथ पक्कड खिशात टाकत म्हणाला, "मॅडम, फ्यूज गेला, जंपर उडाला, तर मी तुमची लाईन पैली जोडीन. पन वादळात खांबच झोपले तर माझ्याबी हातात काय न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

"आधी सांगितलंत तेच बरं," रूथ म्हणाली.

मग राहिला बन्सी. त्याच्या घरी ऑक्सिजनची एक लहान टाकी ठेवायची, लाईट गेली की यंत्राची नळी काढून टाकीला लावायची, असं ठरलं. रूथ स्वतः शिकवायला गेली. घर गावाच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी. वर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. भीमाबाई त्या टाकीकडे, दारात अनोळखी कुत्रं उभं राहावं तशी बघत होती.

"फुटली म्हंजी?"

"फुटत नाही मावशी. फक्त चूल लांब ठेवायची, आणि तेलकट हात लावायचा नाही. ही चावी डावीकडे. हळू. ऐकू येतंय सूं सूं?"

भीमाबाईने चावी फिरवली आणि आवाज येताच हात मागे घेतला. पुन्हा फिरवली. चौथ्या-पाचव्या वेळी तिचा हात स्थिर झाला. बन्सी खाटेवरून बघत होता.

"मशीन बंद पडलं की हे लई घाबरत्यात," ती हळूच म्हणाली. "दम नंतर लागतो. आधी त्यो आवाज थांबल्याचं भ्या."

रूथने बन्सीला फुंकर घालायला शिकवलं. नाकाने श्वास आत, आणि ओठ चिमटून, गरम चहावर फुंकर मारावी तसा सावकाश बाहेर. "टाकी लावेपर्यंत हे करायचं बाबा. घाई करायची नाही." बन्सीने एकदा करून दाखवलं. त्याला ते पोरकट वाटलं असावं, कारण तो हसला.

केंद्रातल्या बैठकीत एक नियम ठरला. काही झालं तरी ऑक्सिजनची एक भरलेली टाकी केंद्रात राहिलीच पाहिजे. अचानक येणाऱ्या पेशंटसाठी. केदारनी विचारलं, "आणि बन्सीबाबांची टाकी संपली तर?"

"तर त्यांना इथे आणायचं," रूथ म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोपं वाटलं. बन्सीला मात्र हे कुणी विचारलं नाही.

वादळ आलं ते मे महिन्याच्या शेवटी, उन्हं कलताना. आधी पारनेरच्या बाजूने धुळीचा लोट उठला, मग पत्रे उडाले, मग तासभर गारा आणि पाऊस. पाऊस थांबला तेव्हा शाळेजवळचा लिंब रस्त्यावर आडवा पडला होता आणि ओढ्याच्या कडेचे विजेचे खांब ओळीने झोपले होते. मोबाईलची रेंजही गेली. केंद्राची रुग्णवाहिका दुपारीच एका बाळंतिणीला घेऊन नगरला गेली होती, आणि तिच्यातली टाकीही तिच्याबरोबर गेली. ती पलीकडेच अडकली.

पहिली रात्र इन्व्हर्टरवर निघाली. ठरवलेलं सगळं ठरल्यासारखं झालं, आणि रूथला मनातून थोडा अभिमानही वाटला. सकाळी केदारनी लसी कोल्ड बॉक्समध्ये भरल्या आणि गावातली जीप घेऊन, आडवाटेने, पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयात पोचवायला निघाले. "येताना टाक्या मिळाल्या तर घेऊन येतो," ते म्हणाले.

ते गेले आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टरने शेवटची टिकटिक करून मान टाकली. आता केंद्रात एक भरलेली टाकी होती. तेवढीच.

भीमाबाई चालत आली. साडीचा काठ चिखलाने भरला होता.

"काटा तांबड्यात आलाय. दुसरी टाकी द्या."

रूथने तिला पाणी दिलं. मग म्हणाली, "मावशी, टाकी तिकडे नेता येणार नाही. बाबांनाच इकडे आणू. याच टाकीवर त्यांना ठेवू."

"न्हाई यायचे ते."

"का?"

भीमाबाईने पदराने तोंड पुसलं. "त्यांचा थोरला भाऊ कोरोनात दवाखान्यात गेल्ता. आमी त्याला चालत जाताना बघितलं. माघारी न्हाईच आला. आमाला तोंडसुद्धा दावलं न्हाई. तवापासून हे म्हनत्यात, मला काय व्हायचं ते माझ्या खाटंवर हू द्या. मार्चातबी मी गपचीप टेम्पोत घातलं, तवा शुद्ध कमी हुती म्हनून जमलं."

रूथ नर्सताईंवर केंद्र सोपवून भीमाबाईबरोबर निघाली. घरात बन्सी भिंतीला टेकून बसला होता, नाकात नळी, शेजारी टाकी. बंद यंत्रावर कुणीतरी त्याचा टॉवेल वाळत घातला होता.

"बाबा, चला. जीप नाही, पण खाट उचलायला चौघं मिळतील."

"टाकी आनली?"

"टाकी तिथेच आहे."

"कुनासाठी ठिवलीया?"

"अचानक कुणी आलं तर. सर्पदंश, लहान मूल, अपघात."

"कोन येनार हाय?"

"माहीत नाही."

बन्सीने नाकातली नळी नीट बसवली. त्याला एकेक वाक्य जुळवायला वेळ लागत होता. "म्हंजी ज्याचं नावबी ठावं न्हाई, त्याच्यासाठी हाय. आन् माझं नाव ठावं असून मला न्हाई."

रूथ त्याच्यासमोर खाली टेकली. ती म्हणाली, "तिथे आलात तर ती टाकी तुमचीच. कुणी येईपर्यंत तरी. इथे राहिलात तर ही संपेल, आणि मग मी काहीच करू शकणार नाही. हे मी आधीच विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

बाहेर शेजारची माणसं गोळा झाली होती. बन्सीने बायकोकडे पाहिलं. भीमाबाई उठली. ती कोपऱ्यातलं त्याचं धोतर आणि तांब्या पिशवीत भरायला लागली. ते बघून तो म्हणाला, "आत न्हाई जानार. पडवीत टाका माझी खाट. जिथनं रस्ता दिसंल."

तसंच केलं. चौघांनी खाट उचलून आणली आणि केंद्राच्या पडवीत, भिंतीच्या सावलीला ठेवली. त्याची लहान टाकी वाटेतच संपली होती; राखीव टाकी आतून ओढत आणून त्याच्या उशाशी उभी केली. दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. ऊन कडक पडलं. बन्सी रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला ओळखत होता, आणि पडलेला लिंब कुऱ्हाडीने तोडणाऱ्यांना बसल्या जागेवरून सूचनाही देत होता. भीमाबाईने त्याला भाकरीचा काला भरवला.

मग माळावरच्या मेंढपाळांच्या पालावरून एक बाई धावत आली. कडेवर वर्षाची मुलगी. मुलीला दोन दिवस ताप होता आणि आदल्या संध्याकाळी वादळात पाल उडालं होतं. रूथने तिचं झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत खेचली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. रडण्याइतकंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

टाकी एक. तिला बसवायचा मीटर एक. एकाच टाकीवर दोघांना घेता येईल असा जोड केंद्रात नव्हता. मंगळवारच्या त्या सरावात इतक्या गोष्टी सापडल्या, पण ही कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

रूथ पडवीत आली आणि बन्सीच्या खाटेपाशी वाकली. "बाबा, आत एक तान्ही मुलगी आहे. न्यूमोनिया झालाय तिला. टाकी तिला लावावी लागेल. केदार टाक्या घेऊन येतायत. तोवर तुम्ही फुंकर घालून काढाल का?"

बन्सीने तिच्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. कदाचित बोलायला श्वास जुळवत असेल.

रूथने दोन क्षण वाट पाहिली असेल, नसेल. मग तिने हात पुढे करून त्याच्या नाकातली नळी काढली, टाकीची चावी बंद केली आणि शिपायाच्या मदतीने टाकी आत नेली.

त्यानंतरचा वेळ कसा गेला हे रूथला पुढे नीट सांगता येत नसे. मुलीच्या नाकाशी बारीक नळी बसवली, इंजेक्शन दिलं, आईला तिला उभं धरायला शिकवलं. अधूनमधून ती पडवीत येई. तिथे भीमाबाई नवऱ्यासमोर स्टुलावर बसली होती, त्याचे दोन्ही हात हातात घेऊन, आणि स्वतःही ओठ चिमटून फुंकर घालत होती. तो तिच्या तोंडाकडे बघून तसं करत होता. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर आकडा खाली खाली जात होता, मग एका जागी अडकून राहिला. चांगला आकडा नव्हता. पण अडकला होता. बन्सीच्या कपाळावर घाम होता. रूथ आली की तो मान वळवून रस्त्याकडे बघे.

जीपचा आवाज आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. केदार चिखलाने माखले होते. मागे दोन टाक्या दोरीने बांधलेल्या. पडवीतलं दृश्य बघून त्यांनी पहिली टाकी खाली घेतली, मीटरसकट, आणि थेट खाटेपाशी आणली. नळी नाकात बसल्यावर बन्सीने डोळे मिटले.

दुसरी टाकी मीटरसकट जीपमध्येच ठेवून केदार मुलीला आणि तिच्या आईला त्याच आडवाटेने पारनेरला घेऊन गेले. तिथून तिला नगरला हलवलं. ती वाचली. पाच-सहा दिवसांनी गावात लाईट आली. तोवर बन्सी पडवीतच होता, पारनेरहून येत राहिलेल्या टाक्यांवर. त्या सगळ्या दिवसांत तो केदारशी बोलला, शिपायाशी बोलला, बघायला आलेल्या प्रत्येकाशी बोलला. रूथशी नाही. तिने विचारलं तर मान हलवी, तेवढंच.

लोक तिचं कौतुक करत होते. वरून फोन आला, लस एकही वाया गेली नाही म्हणून अभिनंदन झालं. रूथला ते ऐकून घेताना अवघडल्यासारखं होई. आपण चूक केली असं तिला वाटत नव्हतं. पुन्हा तीच वेळ आली तर ती टाकी मुलीलाच लावेल, हेही तिला पक्कं माहीत होतं. मग टोचतंय काय, हे तिला सापडत नव्हतं.

पावसाळा लागल्यावर ती एकदा बन्सीच्या घरी गेली. यंत्र घुं घुं करत होतं. भीमाबाई शेळीला पाला टाकायला बाहेर गेली. रूथ खाली सतरंजीवर बसली.

"बाबा, माझ्यावर रागावलात. त्या पोरीला टाकी दिली म्हणून?"

"पोरीचं काय न्हाई," तो म्हणाला. "पोर जगली, लई ब्येस झालं."

"मग?"

"तुमी मला इचारलं."

रूथला कळलं नाही.

"इचारलं, आन् थांबला न्हाई. मी व्हय म्हनायच्या आत नळी काढली. मी न्हाई म्हनलो असतो तर काढली नसती का?"

रूथने थोडा विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. "काढलीच असती."

"मला ठावं हाय. मग इचारायचं कशापाई?" तो श्वास घ्यायला थांबला. रूथही थांबली. "इचारायचं असंल, तर न्हाई ऐकायची तयारी ठिवायची. न्हाईतर सरळ सांगायचं, बाबा, मी हे काढतीया. मानसाला कळतं. मला वाटलं, माझ्याकडं मागत्यात. द्यायचंच हुतं मला. पन द्यायच्या आधी नेलं."

बाहेर शेळी ओरडली. रूथ खाली बघत होती. तिला जे सापडत नव्हतं ते हेच होतं, आणि ते इतकं साधं असेल असं तिला वाटलं नव्हतं. त्या दिवशी त्या माणसाला एक मोठी गोष्ट करता आली असती. ती त्याच्या हातून झाली, पण त्याची झाली नाही.

"तुमचं खरं आहे," ती म्हणाली.

बन्सीने हात हलवला, जाऊ द्या अशा अर्थाने. मग म्हणाला, "आता पुढचं बोला. परत लाईट गेली तर काय करायचं मनात हाय?"

रूथने सांगितलं. आता केंद्रात एकाऐवजी दोन राखीव टाक्या असतील. दोघांना जोडता येईल असा जोड मागवला आहे. तालुक्यात आणखी तिघांच्या घरी अशी यंत्रं आहेत, त्यांच्याकडे ती आणि केदार येत्या आठवड्यात जाणार आहेत.

"त्यास्नी काय सांगनार?"

"आधी ऐकणार. लाईट गेल्यावर कुठे राहायला आवडेल, कोणाबरोबर, काय नको, ते."

बन्सीला हे पटलं असावं. तो म्हणाला, "माझं लिहून घ्या मग. आभाळ भरलं की मी आपला आधीच येतो तिकडं. खांब पडायची वाट न्हाई बघनार. पन पडवीतच. आन् हिला खाली झोपायला लावू नका, तिचं गुडघं दुखत्यात. तिला येगळी खाट पायजे."

"पावसाची झड येते पडवीत."

"मग पत्रा लावा."

रूथने मान डोलावली. भीमाबाई हात पुसत आत आली आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं. रूथ एरवी घाईत असे, नको म्हणत असे. त्या दिवशी ती बसली.

ऑगस्टमध्ये पडवीला पत्रा लागला. गणपतीच्या आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला आणि दोन दिवस लाईट गेली. आभाळ भरून आलं तेव्हाच बन्सी येऊन बसला होता. बाकीच्या तिघांपैकी एक बाई लेकीकडे शिरूरला गेली, तिने तसंच सांगितलं होतं. एकाने घरीच टाकी ठेवून घेतली. तिसऱ्याचा निरोप आला नाही, म्हणून केदार मोटरसायकल काढून त्याच्या वस्तीवर निघाले. रेनकोट चढवता चढवता त्यांनी बन्सीला विचारलं, काही आणायचं आहे का.

बन्सी म्हणाला, तंबाखू. भीमाबाई म्हणाली, नाही. ते त्या दोघांवर सोडून रूथ आत पेशंट बघायला गेली.